घरचा जमाखर्च : न घेतलेला घसारा

घर भाड्यानें देणें हा व्यवहार आपल्या लोकांस नवा नाहीं. वाड्याच्या मागील सोप्यांत दोन बिऱ्हाडें ठेवावीं, त्यांच्या भाड्यांतून म्युनिसिपालिटीची पट्टी आणि सालाबादची कौलांची शाकारणी भागवावी, व कांहीं उरलेंच तर तें घरांतील वडील मनुष्याच्या हातीं द्यावें, एवढाच त्याचा हिशेब पिढ्यानुपिढ्या चालत आला. सरकारनेंही तो फारसा अवघड केला नाहीं. १९२२ च्या प्राप्तिकराच्या कायद्यांत दुरुस्तीखातीं वार्षिक भाडेमूल्याचा सहावा हिस्सा वजा मिळत असे. १९६१ च्या कायद्यांत फेरफार होत होत तो शेंकडा ३० वर स्थिरावला. आणि २०२५ सालीं संमत झालेल्या नव्या कायद्यांतही तोच आंकडा कायम आहे. वर्षभरांत एक खिळाही न ठोकणाऱ्या मालकास शेंकडा ३०, आणि सारें छप्पर उतरवून नवें घालणाऱ्यासही शेंकडा ३०. घराच्या भाड्यांतून घसारा म्हणून वेगळी रक्कम वजा करावयाची असते, ही कल्पनाच यामुळें आपल्याकडे रुजली नाहीं. घसारा म्हणजे छापखान्याच्या यंत्राचा किंवा मोटारगाडीचा, अशी आपली समजूत. ही समजूत आपलीं मुलेंबाळें परदेशीं जातांना लोणच्यापापडांबरोबर घेऊन जातात, आणि अमेरिकेंत ती फार महाग पडते.

आमच्या एका वयोवृद्ध वर्गणीदारांनीं याच विषयावर पत्र लिहून विचारणा केली आहे. त्यांचे धाकटे चिरंजीव व सूनबाई न्यू जर्सी राज्यांत एडिसन येथें राहतात. तेथें त्यांनीं एक जास्तीचें घर खरेदी करून २०१५ च्या जानेवारीपासून भाड्यानें दिलें. भाड्याचा डॉलर न् डॉलर त्यांनीं दरसालच्या विवरणपत्रांत दाखविला. पट्टी, विमा, दुरुस्ती व कर्जाचें व्याज हीं वजा घेतलीं. परंतु घसारा मात्र २०२४ अखेर दहा वर्षांत एकदांही मागितला नाहीं. आतां तें घर विकून त्या पैशांतून पुण्यास आईवडिलांसह राहतां येईल अशी मोठी जागा घ्यावी, असा उभयतांचा बेत आहे. चिरंजीवांचें म्हणणें असें, कीं आपण घसारा घेतला नाहीं यांत सरकारचें कांहींच बुडालें नाहीं, उलट कर अधिकच भरला गेला. तेव्हां विक्रीच्या वेळीं घसाऱ्याचा प्रश्न उपस्थित होण्याचें कारण नाहीं. थोरल्या बंधूंस हें पटत नाहीं. या दोघांत बरोबर कोण, असा वडिलांचा प्रश्न आहे.

थोरल्या बंधूंची शंका रास्त आहे, आणि ती त्यांनीं विक्रीच्या आधीं काढली हें फार चांगलें झालें.

अमेरिकेंतील कायदा असें मानतो, कीं राहतें घर भाड्यानें दिलें म्हणजे तें वापरानें व काळानें झिजतें, आणि ही झीज हा भाडें मिळविण्याचा खर्चच होय. १९८६ सालच्या करसुधारणेच्या कायद्यानें अशा घरांसाठीं साडेसत्तावीस वर्षांची मुदत ठरविली. घराच्या किंमतींतून जमिनीची किंमत बाजूस काढावयाची, कारण जमीन झिजत नाहीं. राहिलेल्या बांधकामाच्या किंमतीस २७.५ नें भागावयाचें, आणि येईल ती रक्कम दरसाल वजा करावयाची. बाजारांत घराचा भाव चढत असला तरी हा घसारा चालूच राहतो. आपल्या चिरंजीवांसारख्या सरळ मनाच्या माणसास यांत कांहीं लबाडी वाटते. ज्या घराची किंमत दुप्पट झाली त्याची झीज कसली मागावयाची, असें त्यांस वाटतें. कायद्यास मात्र भावाशीं कर्तव्य नाहीं. त्याला भिंतींशीं कर्तव्य आहे.

आतां खरी मेख. घर विकतांना नफा काढावयाचा तो विक्रीच्या किंमतींतून मूळ खरेदीची किंमत वजा करून नव्हे, तर मूळ किंमतींतून घसारा कमी करून जें उरेल तें वजा करून. आणि हा घसारा कोणता? 'अलाउड ऑर अलाउएबल', म्हणजे घेतलेला, किंवा घेतां येण्याजोगा असून न घेतलेला, यांपैकीं जो अधिक असेल तो. खानावळींत आपलें पान मांडलें गेलें. आपण उपाशी उठलों तरी बिल पानाचें, असा हा न्याय आहे. चिरंजीवांनीं दहा वर्षें उपास केला. विक्रीच्या दिवशीं बिल पूर्ण भोजनाचें येईल.

आंकड्यांनीं पाहूं. (पत्रांतील आंकडे आम्हीं सोयीसाठीं वाटोळे केले आहेत.) घराची खरेदी ३,२०,००० डॉलर, त्यांत जमिनीचे ४५,०००, राहिले बांधकामाचे २,७५,०००. त्यास २७.५ नें भागिलें असतां दरसाल बरोबर १०,००० डॉलर घसारा येतो. पहिल्या वर्षीं मात्र घर ज्या महिन्यांत भाड्यास सज्ज झालें त्या महिन्याचा अर्धाच काळ धरण्याची रीत आहे; म्हणून जानेवारींत आरंभ झाल्यास साडेअकरा महिन्यांचे ९,५८३. पुढील नऊ वर्षांचे ९०,०००. एकूण ९९,५८३ डॉलर. उत्पन्नाच्या ज्या थरावर शेंकडा २४ कर पडतो त्या थरांतील कुटुंबानें दरसाल १०,००० डॉलर उगाच अधिक उत्पन्न दाखविलें, म्हणजे दरसाल सुमारें २,४०० डॉलर कर अधिक भरला. दहा वर्षांत सुमारें २४,०००. हें झालें एक नुकसान. विक्रीच्या वेळीं त्याच ९९,५८३ डॉलरांइतका नफा वाढेल, आणि घसाऱ्यामुळें वाढलेल्या अशा नफ्यावर शेंकडा २५ पर्यंत कर बसूं शकतो. तो सुमारें २४,९०० डॉलरांपर्यंत जाईल. हें दुसरें नुकसान. एकाच रकमेवर दोनदां कर. आणि सरकारची यांत कांहीं चूक नाहीं, कारण वजावट देऊं केलेली होती. पुण्यांतील जागेच्या दोन खोल्या या हिशेबांत बुडतात, हें थोरल्या बंधूंनीं बंधूंस खुशाल दाखवावें.

यावर पहिली धांव सर्वांचीच असते ती जुनीं विवरणपत्रें दुरुस्त करण्याकडे. फॉर्म १०४०-एक्स हा त्यासाठींच आहे. पण येथें दोन अडसर आहेत. पहिला मुदतीचा. परतावा मागण्याची मुदत सामान्यतः विवरणपत्र भरल्यापासून तीन वर्षें, किंवा कर भरल्यापासून दोन वर्षें, यांपैकीं जी उशिरां संपेल ती. म्हणजे दहा वर्षांपैकीं शेवटचीं तीनच वर्षें हातीं लागतात. तेथील ३०,००० डॉलरांचा घसारा मिळेल, आणि आधींचे ६९,५८३ कायमचे गेले. दुसरा अडसर अधिक सूक्ष्म आहे, व पुष्कळांस तो ठाऊकच नसतो. सलग दोन विवरणपत्रांत घसाऱ्याची एकच चुकीची रीत चालविली, म्हणजे ती केवळ चूक राहत नाहीं. ती त्या करदात्याची 'हिशेबाची पद्धत' ठरते. घसारा मुळींच न घेणें हीदेखील पद्धतच. आणि एकदां पद्धत ठरली, कीं ती सरकारच्या संमतीवांचून बदलतां येत नाहीं, व जुनीं विवरणपत्रें दुरुस्त करून तर नाहींच. यामुळें तीन वर्षांचीं १०४०-एक्स पाठविणाऱ्यास तेवढेंही मिळेल अशी शाश्वती नाहीं.

ही गोष्ट प्रथमदर्शनीं जुलमाची वाटते; वस्तुतः तींतच सुटका आहे. पद्धत बदलावयाची म्हणजे मागील सर्व वर्षांचा मेळ घालावा लागतो, आणि त्या मेळास तीन वर्षांची मर्यादा नाहीं. त्यासाठीं फॉर्म ३११५ आहे. घसाऱ्याच्या अयोग्य पद्धतीवरून योग्य पद्धतीवर येण्यास सरकारनें आगाऊच संमति देऊन ठेविली आहे. तिला 'आपोआप संमति' म्हणतात, तिच्यासाठीं फी नाहीं, आणि अशा बदलास फॉर्मावर ७ हा क्रमांक घालावयाचा असतो. या फॉर्मांत पहिल्या दिवसापासून घ्यावयास हवा होता तो घसारा एकीकडे, प्रत्यक्ष घेतलेला दुसरीकडे मांडून अंतर काढावयाचें. अंतर करदात्याच्या बाजूचें असेल तर तें सर्वच्या सर्व एकाच वर्षांत वजा मिळतें. आमच्या उदाहरणांत २०२५ च्या विवरणपत्रांत त्या वर्षाचे १०,००० आणि मागील ९९,५८३, मिळून १,०९,५८३ डॉलर. जुनें एकही विवरणपत्र उघडावें लागत नाहीं. अट एवढीच, कीं फॉर्म त्या वर्षाच्या विवरणपत्रासोबत आणि मुदतींत जावा, आणि त्याची एक प्रत करखात्याकडे स्वतंत्रपणें पाठवावी. मुदत १५ एप्रिलची, आणि रीतसर वाढवून घेतली असल्यास १५ ऑक्टोबरची.

तथापि १,०९,५८३ डॉलर वजा झाले म्हणजे तेवढ्याचा परतावा दारीं येईल, असें मात्र कोणी समजूं नये. येथें पुष्कळांची निराशा होते, म्हणून आधींच सांगतों. भाड्याच्या घराचा तोटा पगाराच्या उत्पन्नांतून वजा करण्यावर मर्यादा आहे. मालक घराच्या कारभारांत स्वतः लक्ष घालीत असेल व त्याचें उत्पन्न १,००,००० डॉलरांपर्यंत असेल, तर वर्षास २५,००० डॉलरांपर्यंत तोटा पगारांतून वजा होतो. पुढें ही सवलत कमी कमी होत जाते आणि १,५०,००० डॉलरांवर ती नाहींशी होते. एडिसनमधील नोकरदार पतिपत्नींचें एकत्र उत्पन्न बहुधा याच्या वर असतें. तसें असल्यास तोटा बुडत नाहीं. तो खात्यावर लटकत राहतो, पुढील वर्षांच्या भाड्याच्या नफ्यांतून वळता होतो, आणि घर तिऱ्हाइतास पूर्णपणें विकलें त्या वर्षीं सारा मोकळा होऊन हरएक उत्पन्नांतून वजा मिळतो. म्हणजे विकण्याचें ठरलेल्या कुटुंबास तो नेमका हवा तेव्हां मिळतो. घसाऱ्यामुळें वाढलेल्या नफ्यावर एकीकडे कर पडेल, दुसरीकडे तितकीच रक्कम उत्पन्नांतून कमी होईल. लाभ झाला असें म्हणण्यापेक्षां अन्याय टळला असें म्हणणें अधिक खरें.

आणि घर आधींच विकून टाकलें असेल तर? तरीही दार बंद होत नाहीं. विक्रीच्या वर्षाच्या विवरणपत्राबरोबर फॉर्म ३११५ भरून राहिलेला घसारा मागतां येतो. तें विवरणपत्र भरून झालें असल्यास त्याची मुदत संपण्यापूर्वीं तें दुरुस्त करून त्यासोबतही मागतां येतो. अशा बदलाचा क्रमांक १०७ आहे. परंतु ही शेवटची गाडी होय. ती चुकली म्हणजे फलाटावर बसून राहण्याखेरीज उपाय नाहीं.

घसारा मुळींच न घेणें ही चूक मोठी खरी, पण एकमेव नव्हे. जमीन वेगळी न काढतां सगळ्या किंमतीवर घसारा घेणें ही दुसरी, आणि ती उलट दिशेची. वरील घराचे सगळे ३,२०,००० धरले तर दरसाल ११,६३६ येतात. म्हणजे १,६३६ डॉलर अधिक घेतले गेले, व दहा वर्षांत सुमारें १६,३००. येथें सरकारचें देणें निघतें, म्हणून पुष्कळ लोक हें उघड करण्यास भितात. त्यांस आम्ही एवढेंच सांगूं, कीं याही चुकीस तोच फॉर्म ३११५ आहे, आणि येथील वागणूक आपण भितों तितकी कठोर नाहीं. देणें निघालेलें अंतर चार वर्षांत समान वाटून उत्पन्नांत मिळवावयाचें असतें. म्हणजे वर्षास सुमारें ४,०७५ डॉलर. अंतर ५०,००० डॉलरांच्या आंत असल्यास एका वर्षांतही उरकून टाकतां येतें. आपण होऊन पुढें आलेल्या माणसाचीं मागील वर्षें त्या मुद्द्यावर सामान्यतः पुन्हां उकरलीं जात नाहींत. चौकशीची नोटीस येईपर्यंत थांबलेल्यास मात्र हें सौजन्य त्याच स्वरूपांत मिळत नाहीं.

राहत्या घरास दुकानाची एकोणचाळीस वर्षांची मुदत लावणें, किंवा भाडेकरूस दिलेली शेगडी व शीतकपाट हीं पांच वर्षांत झिजणारीं म्हणून निराळीं न दाखवितां घराच्याच किंमतींत दडपणें, याही चुका पद्धतीच्याच सदरांत येतात. मात्र बेरीज चुकली, एखादा आंकडा एका पत्रकावरून दुसऱ्यावर उतरवितांना उलटापालटा झाला, तर ती पद्धत नव्हे. ती साधी चूक, आणि तिला १०४०-एक्सच लागतो. तसेंच घर भाड्यास सज्ज झाल्याची तारीखच चुकली असेल तर तीही पद्धत मानीत नाहींत. मुदतींतील वर्षांचीं विवरणपत्रें दुरुस्त करावीं लागतात. ही तारीख भाडेकरू राहावयास आला त्या दिवसाची नव्हे. घर रंगवून, पाटी लावून, भाड्यास देण्यास तयार झालें तो दिवस खरा. त्यानंतर दोन महिने रिकामें राहिलें तरी घसारा सुरू झालेला असतो. आणि एकच विवरणपत्र चुकलें असेल तर पद्धत अजून ठरलेली नसते; तेथें १०४०-एक्सनें काम भागतें. म्हणून ज्यांचें भाड्याचें पहिलेंच वर्ष आहे त्यांनीं दुसरें विवरणपत्र भरण्यापूर्वीं पहिलें एकवार डोळ्यांखालून घालावें. पाहावयाचें स्थळही सोपें आहे : भाड्याचा हिशेब ज्या शेड्यूल ई मध्यें असतो, त्याची अठरावी ओळ घसाऱ्याची. ती कोरी दिसली, कीं समजावें.

आतांपर्यंत तेथील घराची गोष्ट झाली. परंतु आमच्या वाचकांपैकीं कितीएकांच्या घरीं प्रकार याहून निराळा आहे. मुलगा अमेरिकेंत, त्याच्या नांवावरील फ्लॅट कोथरूडास किंवा ठाण्यास, आणि भाडें वसूल करणारे येथें वडील किंवा काका. भारतांतील विवरणपत्र येथील सी. ए. भरतात, शेंकडा ३० वजावट घेतात, आणि सर्व यथास्थित आहे असें घरांत मानलें जातें. येथल्यापुरतें तें यथास्थित असतेंही. पण अमेरिकेचा नागरिक, ग्रीन कार्ड असलेला, किंवा करासाठीं तेथील रहिवासी ठरलेला मनुष्य आपलें जगभरचें उत्पन्न तेथें दाखविण्यास बांधलेला आहे. मग कोथरूडचें भाडें तिकडच्या शेड्यूल ई वर जातें. आणि पुष्कळदां इकडचे आंकडे जसेच्या तसे तिकडे उतरविले जातात, शेंकडा ३० सुद्धां.

तेथें ही सरसकट वजावट मुळींच नाहीं. तेथें प्रत्यक्ष झालेला खर्च आणि घसारा. शिवाय परदेशांतील घराचा घसारा साडेसत्तावीस वर्षांचा नव्हे : २०१७ नंतर भाड्यास सज्ज झालेल्या घरास तीस वर्षें, आणि त्याआधींच्यास सामान्यतः चाळीस. समजा, २०१९ सालीं ८४ लक्ष रुपयांस फ्लॅट घेतला आणि त्या दिवशीं डॉलरचा भाव ७० रुपये होता. किंमत झाली १,२०,००० डॉलर. इमारतीखालील जमिनींतील हिश्शाचे ३०,००० बाजूस काढले, तर राहिलेल्या ९०,००० चा घसारा दरसाल ३,०००. पुढें रुपया कितीही घसरला तरी हा आंकडा बदलत नाहीं, कारण किंमत खरेदीच्या दिवसाच्या भावानें डॉलरांत गोठलेली असते. भाडें मात्र त्या त्या वर्षीच्या भावानें डॉलरांत आणावयाचें. हा भेद ध्यानांत न आल्यामुळें दरसाल नव्या भावानें घसारा काढणारे सुशिक्षित लोकही आहेत. ज्यानें शेंकडा ३० उतरवून घसारा सोडला, त्याच्या पदरीं बहुधा दोन निरनिराळ्या चुका येतात : न मिळणारी वजावट घेतली ही एक, तिला दुरुस्त विवरणपत्र, आणि मिळणारा घसारा सोडला ही दुसरी, तिला फॉर्म ३११५. दोन्हींची एकमेकींत वजाबाकी करून गप्प बसावें, असा सल्ला कोणी दिल्यास तो मानूं नये. येथें भरलेल्या करापोटीं तेथें सूट मिळते हें खरें. पण ती सूटही तेथील नियमांनीं काढलेल्या उत्पन्नावरच मोजली जाते. त्यामुळें पाया चुकला कीं तीही चुकते.

वारशाचा प्रश्न एकत्र कुटुंबांत याहूनही नाजूक असतो. वडिलांनीं १९८० च्या सुमारास कांहीं हजारांस घेतलेली जागा आज लक्षावधींची आहे. ती मृत्युपत्रानें किंवा वारसानें अमेरिकेंतील मुलाकडे आली, तर तेथील कायदा तिची किंमत वडिलांच्या मृत्युदिनाच्या बाजारभावानें धरतो. आणि भाड्यास दिल्यास घसाराही त्याच किंमतीवर. तीच जागा वडिलांनीं हयातींत बक्षीसपत्रानें दिली, तर वडिलांची जुनी खरेदीची किंमतच मुलाच्या कपाळीं चिकटते. देणारे घेणारे तेच. पण घसाऱ्यांत आणि पुढें विक्रीच्या नफ्यांत जमीनअस्मानाचें अंतर. वारशानें आलेल्या जागेवर आजोबांच्या काळची किंमत धरून घसारा काढलेलीं विवरणपत्रें होतात तीं याच अज्ञानामुळें. केवळ परदेशच्या करासाठीं बक्षीसपत्र करावें कीं मृत्युपत्र, हें ठरवावें असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. घरांतील सलोखा व वडिलांच्या मनाची निश्चिंती यांचें वजन त्याहून अधिक आहे. पण दोन्ही कागद सारखेच असें समजून सही करूं नये. वडिलोपार्जित एकत्र मिळकतींत कोणाचा हिस्सा केव्हां उत्पन्न झाला हा तर स्वतंत्र प्रश्न. तेथें येथील वकिलाचें लेखी मत आधीं घेऊन मगच तिकडील हिशेबनिसास पाठवावें.

हिशेबनीस कोण निवडावा, याविषयीं एकच शब्द. फॉर्म ३११५ आठ पानांचा असून त्यास जोडपत्रें लागतात. घरच्या घरीं संगणकावर विवरणपत्र भरणाऱ्यानें तो हौसेनें हातीं घेऊं नये. आणि सी. पी. ए. म्हणून पाटी असलेल्या प्रत्येकानें तो भरलेला असतो असेंही नाहीं. "आपण आजवर घसाऱ्यासाठीं ३११५ किती भरले?" असें स्पष्ट विचारावें. उत्तर देतांना जो चांचरतो, किंवा "आतांपासून घसारा सुरू करूं, मागचें सोडून द्या" असें म्हणतो, त्याच्याकडून उठून यावें. मागचें सोडून देण्याचा अधिकार करदात्यास नाहीं. कायदा तें विक्रीच्या दिवशीं आठवणीनें मोजणारच आहे. चांगल्या माणसाची फी कांहींशें डॉलर अधिक वाटली, तरी वरील चोवीस हजारांशीं ती ताडून पाहावी. राज्याचा प्राप्तिकर निराळा असतो व त्याचे नियम केंद्राच्या नियमांशीं सर्वस्वीं जुळतातच असें नाहीं, सबब न्यू जर्सीचें विवरणपत्रही त्याच्याकडूनच तपासून घ्यावें.

राहिले येथील घरच्या माणसांचें काम. तिकडील हिशेबनीस कितीही निष्णात असला तरी त्यास लागणारे कागद येथील कपाटांत असतात, आणि दिवाळीच्या साफसफाईंत रद्दींत जाण्याचा त्यांस मोठा धोका असतो. खरेदीखत व इंडेक्स दोन, मुलानें त्या वेळीं पाठविलेल्या डॉलरांचे किती रुपये झाले त्याची बँकेची चिठ्ठी, सोसायटीचा दाखला, इमारतीची जमीन किती व सभासद किती याचा कागद, म्हणजे जमिनीचा हिस्सा काढतां येईल, मोठी दुरुस्ती झाली असल्यास तिचीं बिलें, कारण नवें छप्पर किंवा नवी नळयोजना यांचा घसारा त्यांच्या त्यांच्या तारखेपासून निराळा चालतो. कुटुंबांत मृत्यु घडला असल्यास नोंदलेल्या मूल्यमापकाकडून त्या तारखेच्या किंमतीचा दाखला शक्य तितक्या लौकर घ्यावा. दहा वर्षांनीं तो मिळतो, पण महाग व वादग्रस्त. भाडेकरूशीं झालेल्या पहिल्या लीव्ह अँड लायसन्स कराराची नक्कल अवश्य ठेवावी, आणि त्याआधीं जागा भाड्यानें देणें आहे म्हणून वर्तमानपत्रांत जाहिरात दिली असेल तर तें कात्रणही त्यासच टांचून ठेवावें.